फिक्श्चरमध्ये बोर्डला काय सोसावं लागतं

प्रिय तरुण मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

फंक्शनल टेस्टचं पहिलं फिक्श्चर (घटक जोडलेला सर्किट बोर्ड नीट चालतो का हे तपासताना त्याला धरून ठेवणारा साचा) बनवायचं काम तुझ्याकडे आलंय हे वाचून आनंद झाला. पिन कुठल्या घेऊ, बोर्डला टेकणारी पट्टी कशाची करू, थ्रीडी प्रिंट चालेल का, असं तू विचारलं आहेस. ते सगळं सांगतो. पण आधी एक गोष्ट मनात पक्की बसू दे. फिक्श्चर बोर्ड तपासतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. तपासण्याआधी ते बोर्डला दाबतं, थोडं वाकवतं, त्याच्या पॅडवर (धातूच्या छोट्या उघड्या ठिपक्यांवर) पिना टोचतं, कधी त्याला स्थिर विजेचा झटकाही देतं. याचा विचार फार कमी जण करतात. बोर्ड दाबून धरणारा क्लॅम्प खाली आल्यापासून वर जाईपर्यंत बोर्डचं काय होतं, हा प्रश्न समोर ठेवूनच ड्रॉइंगला हात घाल.

जोराचा हिशेब सर्वांत आधी कर. नेहमीच्या 2.54 मिमी अंतराच्या पोगो पिनचा (पॅडवर टेकणाऱ्या, आत स्प्रिंग असलेल्या टेस्ट पिनचा) स्प्रिंग साधारण 200 ग्रॅम जोर लावतो. तुझ्या बोर्डवर 120 पिन असतील तर 24 किलो झाले. एवढा भार 1.6 मिमी जाडीच्या पातळ बोर्डला खालून वर ढकलतोय आणि तो वरून फक्त चार कोपऱ्यांत धरलाय, असं चित्र डोळ्यांसमोर आण. मधला भाग फुगणारच. डोळ्यांना ते दिसत नाही, पण सिरॅमिक कपॅसिटरला कळतं. सोल्डर केलेल्या टोकाशी त्याच्या अंगात तिरपी भेग जाते. बहुतेक वेळा कपॅसिटर त्या क्षणी चालूच असतो, टेस्ट पास होते, बोर्ड खोक्यात जातो. पुढे भेगेत ओल शिरते आणि ग्राहकाकडे तो शॉर्ट होतो. दोष तपासण्याच्या यंत्रानेच घातला, हे मग कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून जिथे पिनांची दाटी आहे, तिथे वरून दाबणारे खुंट त्यांच्या जितके समोरासमोर देता येतील तितके दे. जागा नाही, वरच्या बाजूला घटक आहेत, असं होईल. तेव्हा बोर्डच्या डिझायनरकडे जा आणि जागा माग. लेआउट (बोर्डवरच्या घटकांची मांडणी) पक्का होण्याआधी गेलास तर दोन-चार मिलीमीटर सहज मिळतात, नंतर कुणी देत नाही. टेस्ट पॅडचंही तेच. सगळे पॅड एकाच बाजूला, शक्यतो 1 मिमी व्यासाचे आणि उंच घटकांपासून लांब असावेत, ही मागणी लेआउट चालू असतानाच करायची. पॅड फार जवळजवळ आले की 1.27 मिमी अंतराच्या बारीक पिना वापराव्या लागतात. त्या नाजूक असतात, लवकर वाकतात, आणि पुढची सगळी वर्षं देखभाल करणाऱ्याला तो त्रास भोगावा लागतो.

बोर्ड किती वाकतो हे अंदाजाने ठरवू नकोस. मोठी ऑर्डर असेल तर कपॅसिटरजवळ स्ट्रेन गेज (ताण मोजणारी बारीक पट्टी) चिकटवून क्लॅम्प लावतानाचं मोजमाप घ्यायला सांग. ते कसं घ्यायचं हे आयपीसी/जेडेक 9704 या मार्गदर्शक दस्तऐवजात दिलेलं आहे. ती सोय नसेल तर वरच्या पट्टीत कडेला आणि मध्यभागी छिद्रं ठेव आणि क्लॅम्प बंद असताना डेप्थ गेजने दोन्हीकडे खोली मोज; दोन्हींतला फरक म्हणजे बोर्डचा बाक. पट्टी स्वतःच वाकत नाही ना, ते तिच्यावर सरळ मोजपट्टी ठेवून आधी पाहा. पातळ ॲक्रिलिक 24 किलोखाली हमखास वाकतं आणि सगळी मोजमापं खोटी ठरवतं.

ॲक्रिलिकचा विषय निघालाच आहे, तर ते पारदर्शक, स्वस्त आणि कापायला सोपं असल्याने सगळ्यांना आवडतं. पण ते घासलं की स्थिर वीज धरतं आणि बोर्ड तर त्याच्यावरच रोज सरकणार. बोर्डला लागणारी पट्टी ईएसडी-सुरक्षित (स्थिर विजेचा झटका टाळणाऱ्या) साहित्याची घे. पृष्ठभागाचा रोध साधारण 10 लाख ते 100 कोटी ओहमच्या दरम्यान असला की साचलेली वीज हळूहळू निघून जाते. नुसतं धातूवर ठेवायचं म्हणशील तर ती एका झटक्यात निघते, आणि चालू बोर्डवर शॉर्टची भीती वेगळीच. थ्रीडी प्रिंट पहिला नमुना बघायला उत्तम आहे. कुठे काय अडतं ते अर्ध्या दिवसात कळतं. रोजच्या उत्पादनात मात्र साध्या पीएलएवर (थ्रीडी प्रिंटच्या नेहमीच्या प्लास्टिकवर) विसंबू नकोस. तेही वीज धरतं आणि 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं.

बोर्ड जागेवर बसवायला कडांचा आधार घेऊ नकोस. व्ही आकाराची खाच पाडून मोठ्या पॅनलमधून तोडलेल्या बोर्डची कड कधीच सारखी नसते. आतून धातूचा मुलामा (प्लेटिंग) नसलेली दोन टूलिंग होल्स (बोर्ड बसवण्यासाठीची भोकं) माग, त्यांत दोन डॉवेल पिन (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) घाल आणि एका बाजूला गोल भोकाऐवजी स्लॉट ठेव. दोन्ही भोकं घट्ट गोल ठेवलीस तर बोर्डच्या आकारातला जरासा फरकही डॉवेलवर अडकेल, मग ऑपरेटर अंगठ्याने बोर्ड दाबून बसवेल, म्हणजे पुन्हा तेच वाकणं. डॉवेल मध्यरेषेपासून बाजूला सरकवून ठेव, म्हणजे बोर्ड उलटा फिरवून बसणारच नाही.

आता मला सर्वांत जास्त आवडणारी तपासणी सांगतो. फिक्श्चर जोडून झालं की एक कोरा बोर्ड घे, क्लॅम्प एकदाच बंद कर, उघड आणि भिंगाखाली प्रत्येक टेस्ट पॅड बघ. पिनच्या टोकाचा बारीक ठसा उमटलेला असतो. सगळे ठसे एकाच दिशेला सरकलेले असतील तर डॉवेलची जागा चुकली आहे. एका डॉवेलपासून लांब जावं तसे ठसे गोल फिरल्यासारखे तिरपे पडत असतील तर दुसरा डॉवेल चुकला आहे. ठिपक्याऐवजी लहानशी ओढलेली रेघ दिसली तर क्लॅम्प बंद होताना बोर्ड आडवा सरकतोय. बिजागरीवर फिरणाऱ्या झाकणाने हे फार होतं, कारण ते कमानीत खाली येतं. तिथे शेवटचे काही मिलीमीटर सरळ खाली येणारी रचना दे. या ठशांचे फोटो फिक्श्चरच्या फाइलमध्ये ठेव. पुढे तक्रार आली की नव्या ठशांशी ताडून बघता येतात.

पिना नेहमी रिसेप्टॅकलमध्ये (पिन आत सरकवायच्या नळीत) बसव आणि वायर रिसेप्टॅकललाच जोड, म्हणजे पिन बदलताना सोल्डरिंग आयर्न लागणार नाही. पूर्ण दाब न देता एकूण प्रवासाच्या दोन-तृतीयांशावर पिन थांबली पाहिजे. 6.35 मिमी प्रवासाची पिन असेल तर सव्वाचार मिमीच्या आसपास. सपाट पॅडसाठी टोकदार पिन बरी, कारण फ्लक्सचा (सोल्डरिंगनंतर उरणाऱ्या चिकट रसायनाचा) थर भेदून जाते. घटकाच्या बाहेर आलेल्या पायासाठी दातेरी किंवा वाटीसारखं टोक, पण वाटीत फ्लक्स साचतो, सफाई ठेवावी लागते. ग्राउंडच्या (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या) पिना बाकीच्यांपेक्षा थोड्या उंच ठेव, म्हणजे त्या आधी टेकतील आणि शेवटी सुटतील. विजेचा पुरवठा मात्र क्लॅम्प पूर्ण बंद झाल्याची खूण मायक्रोस्विचने दिल्यावरच चालू व्हावा, आणि उघडण्याआधी मोठे कपॅसिटर रिकामे व्हावेत. मिलीओहममधला रोध मोजायचा असेल तर प्रत्येक टोकाला दोन पिना देऊन चार वायरींनी (दोन करंटसाठी, दोन व्होल्टेजसाठी) मोज. नाहीतर तू पिनचाच रोध मोजत बसशील.

शेवटी, फिक्श्चरच्या निकालावर उत्पादन लाइनवरच्या माणसांचा विश्वास टिकवणं हेही तुझंच काम आहे. पिना मळल्या की चांगला बोर्ड फेल दाखवतो, ऑपरेटर क्लॅम्प उघडून पुन्हा दाबतो, दुसऱ्यांदा पास होतो. थोड्याच दिवसांत ती सवय होते आणि खरा फेलसुद्धा तीन-तीनदा दाबून पास करून घेतला जातो. प्रत्येक जादा दाबासरशी तोच बोर्ड पुन्हा वाकतो, हे वेगळंच. त्यासाठी सॉफ्टवेअरने पहिल्या दाबाचा निकाल वेगळा नोंदवायला हवा आणि दाबांचा काउंटर ठेवायला हवा. काउंटर ठरलेल्या आकड्याला पोचला की पिना बदलायच्या, बिघडायची वाट पाहायची नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक खात्रीचा चांगला आणि एक मुद्दाम दोष घातलेला बोर्ड चालवायला लाव. दुसरा बोर्ड पास झाला तर ते स्टेशन तिथेच थांबलं पाहिजे, उत्पादन कितीही मागे असो. हा अधिकार ऑपरेटरला लेखी मिळवून दे. दिवसभर तो क्लॅम्प ओढणारी तीच व्यक्ती आहे. हँडलची उंची आणि त्याला लागणारा जोरही तिला विचारूनच ठरव.

ड्रॉइंग झालं की मला पाठव. त्यावर पिनांची यादी, एकूण जोर, प्रत्येक खुंटाची जागा आणि त्याच्या शेजारच्या घटकांची उंची लिहिलेली असू दे. मोठ्या सिरॅमिक कपॅसिटरभोवती लाल वर्तुळं काढ. मी आधी तीच बघणार आहे.

तुझा,
या कामातला एक जुना सोबती