आधी मशीनपाशी जाऊन उभी रहा

परवा तुझा फोन आला तेव्हा घाईत होतो, म्हणून आता नीट लिहितो. तुमच्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या भोसरीच्या त्या व्हेंडरचे पार्ट सारखे खराब येतायत, त्याच्याकडून तू तिसऱ्यांदा एट-डी रिपोर्ट (चूक का झाली आणि ती परत होऊ नये म्हणून काय केलं ते लिहून द्यायचा रिपोर्ट) मागवलास आणि तिसऱ्यांदाही 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' एवढंच लिहून आलं, बरोबर ना? मग तो रिपोर्ट ठेव बाजूला आणि स्वतः जा. सकाळी अकराला चेकलिस्ट घेऊन नको, तेव्हा मालक केबिनमध्ये बसवून चहा पाजणार आणि तू परत येणार. त्यांना सांगून सेकंड शिफ्टला जा आणि मशीनपाशी दोन तास नुसती उभी रहा.

मी नवीन असताना एका व्हेंडरकडून येणाऱ्या बुशचं (नळीसारख्या पार्टचं) बोअर, म्हणजे आतलं भोक, सारखं मापापेक्षा मोठं यायचं. डेबिट नोटा मारल्या, म्हणजे खराब मालाचे पैसे त्यांच्या बिलातून कापले, मीटिंगमध्ये आवाज चढवला, काही फरक नाही. शेवटी गेलो तेव्हा दिसलं की दिवसात तीनदा वेगळ्या पार्टसाठी मशीनचं सेटिंग बदलतायत, दरवेळी दीड-दोन तास जातायत, बाहेर टेम्पो उभा, आमच्या प्लॅनिंगचे फोनवर फोन, आणि त्या गडबडीत फर्स्ट पीस चेक, म्हणजे सेटिंगनंतरचा पहिला पीस मोजून बघणं, न होताच लॉट सुटतोय. तीनदा सेटिंग कशामुळे, तर आमचं शेड्यूल रोज बदलायचं म्हणून! पैसे त्यांचे कापत होतो आणि कारण आमच्या ऑफिसात होतं, मला खरंच लाज वाटली. मग आधी आमच्याच लोकांशी भांडून आठवड्याचं शेड्यूल फ्रीज करून घेतलं, तिकडे पुढच्या पार्टचे जॉ (पार्ट धरणारे जबडे), टूल, ऑफसेट शीट (टूलच्या मापांचा कागद) मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवायला लावलं आणि गो-नो गो गेज (भोक मापात आहे की नाही ते लगेच सांगणारा) इन्स्पेक्शन रूममधून मशीनवर आणला. सेटिंग अर्ध्या तासावर आलं, नवीन मशीन एकही घेतलं नाही.

अजून एक, तुमच्या अकाउंट्सला विचार, त्या व्हेंडरची बिलं किती दिवसांनी निघतात. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लहान सप्लायरचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण ऑर्डर जाईल या भीतीनं ते मागत नाहीत. ज्याचे पैसे अडकलेत तो इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलायचं कापणारं टोक, पार झिजेपर्यंत वापरणारच ना! आणि तुझ्या मदतीनं त्यांचा खर्च कमी झाला की परचेसवाले लगेच रेट पाडून मागतील, तिथे अडून बस, निम्मा फायदा तरी त्यांच्याकडे राहू दे, नाहीतर पुढच्या वेळी ते तुला खरी अडचण सांगणारच नाहीत.

सप्लायर जपले की काय होतं ते बघ. 1997 च्या फेब्रुवारीत जपानमध्ये कारियाला टोयोटाचा सप्लायर असलेल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली, टोयोटाचे ब्रेकचे पी-व्हॉल्व्ह (ब्रेकचा दाब सांभाळणारे) जवळपास सगळे तिथूनच यायचे आणि स्टॉक काही तासांचाच. टोयोटाच्या लाईन बंद पडल्या. तेव्हा बाकीचे सप्लायर ड्रॉइंग मागवून स्वतःच्या मशीनवर ते व्हॉल्व्ह बनवायला बसले, शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती, आणि आठवडाभरात गाड्या परत निघायला लागल्या. नुसत्या डेबिट नोटा मारत बसलेल्या कंपनीसाठी असं कोण धावेल, सांग.

तर जाताना तुमच्या ड्रॉइंगची लेटेस्ट रिव्हिजन सोबत ने आणि त्यांच्या मशीनवर कुठली लावलीये ते पहिलं बघ. रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागा असतो.