दातांचा एमआरआय धूसर येतो, तर पेशंटला ३ टेस्लासाठी पुण्याला पाठवावं का?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनवर तुमच्या पेशंटचे जबड्याचे एमआरआय काढले, त्यात दात काळेकुट्ट आणि कडा फिसकटलेल्या आल्या, म्हणून आता पुण्याला ३ टेस्लावर पाठवायचा विचार आहे. मी इथंच कोल्हापुरात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. माझं मत आहे की एवढ्यात पाठवू नका. चित्र बिघडतं त्याची बहुतेक कारणं मशीनच्या ताकदीत नसतात, ती तोंडात असतात आणि आमच्या तयारीत असतात.

आधी काळ्या दातांचं बोलू. तो दोष नव्हे. इनॅमलमध्ये वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं, पाणी जवळजवळ नाहीच, आणि आपण चित्र काढतो ते मुख्यतः पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचं. जो थोडा सिग्नल मिळतो तो मिलिसेकंदाच्या आतच विझतो. नेहमीचे सिक्वेन्स, म्हणजे चित्र काढायच्या पद्धती, तो पकडायला पोचतात तोवर काही उरलेलं नसतं. अल्ट्राशॉर्ट एको टाइम, झिरो एको टाइम हे सिग्नल लगेच पकडणारे सिक्वेन्स त्यासाठीच आहेत. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मायकेल गारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली ‘स्विफ्ट’ ही पद्धतही त्यातलीच, तिनं पुढं दातांची चित्रं काढून दाखवली गेली. पण तुम्हाला पल्प (दाताच्या आतला मऊ गाभा), मुळाच्या टोकाची सूज, अक्कलदाढेजवळची नस किंवा जबड्याच्या सांध्याची चकती बघायची असेल, तर दात काळा दिसला म्हणून काही बिघडत नाही. उलट काळ्या दातात पल्प उठून दिसतो. कीड किंवा बारीक तडा शोधायचा असेल तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) किंवा साधा एक्स-रेच बरा.

आता कॉईल, म्हणजे शरीराजवळ लावून सिग्नल पकडणारी अँटेना. जबड्याचा एमआरआय बऱ्याचदा डोक्याच्या मोठ्या कॉईलमध्येच उरकला जातो. सिग्नल घेणारी कॉईल दातापासून जितकी लांब, तितका सिग्नल कमी आणि त्या मानानं नॉइज जास्त. सांध्यासाठीची छोटी गोल कॉईल किंवा गुंडाळता येणारी फ्लेक्स कॉईल गालाला चिकटवून बांधली, तर मागच्या दाढांचा सिग्नल त्याच मशीनवर स्पष्ट वाढतो. सेंटरला फोन करून एवढं एक विचाराच.

‘बारीक बघायचंय, रिझोल्यूशन वाढवा’ ही मागणी आम्हाला नेहमी येते. तिचा हिशोब बघा. व्हॉक्सेलची, म्हणजे चित्रातल्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याची, बाजू अर्धा मिलिमीटरवरून पाव मिलिमीटर केली की त्याचं आकारमान आठवा हिस्सा होतं, आणि सिग्नलही तितकाच. तो परत मिळवायला नुसतं पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढत गेलं तर ६४ पट वेळ लागतो. ५ मिनिटांचा स्कॅन ५ तासांवर जाईल. म्हणून सगळा जबडा नको, नेमका कोणता दात ते लिहा. मग आम्हाला कॉईल, स्लाइस आणि वेळ सगळं त्या एका जागेवर लावता येतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गिळण्यानं, आणि त्यावर खर्च शून्य आहे. उताणं झोपलं की लाळ घशाकडं जाते, माणूस आवंढा गिळतो, जीभ हलते, आणि तिच्या सावल्या चित्रात फेज एन्कोडिंगच्या (चित्राची जी दिशा टप्प्याटप्प्यानं मोजली जाते तिच्या) दिशेनं पसरतात. दाढ बघायची असेल तर ही दिशा पुढून मागं ठेवावी. डावी-उजवी ठेवली तर जिभेच्या सावल्या थेट दाढेवर येतात. समोरच्या दातांसाठी बरोबर उलट. लांबलचक एका सिक्वेन्सपेक्षा दोन-तीन मिनिटांचे तुकडे करावेत आणि मधे गिळायला वेळ द्यावा. मी पेशंटला सांगतो, “आवाज सुरू हाय तवर आवंढा गिळायचा न्हाई, थांबला की गिळा.” खेड्यातल्या आजींनासुद्धा हे नीट जमतं, फक्त आत घेण्याआधी समजावून सांगावं लागतं. दातांत कापसाचा रोल हलका धरून ठेवला की जबडा स्थिर राहतो. तंबाखू खाणाऱ्यांना आधी चूळ भरायला लावतो, कारण लाळ सुटत राहिली की गिळणं थांबत नाही.

मग धातू. स्टीलच्या ब्रेसेसची तार सगळ्यात वाईट, तिच्याभोवतीचं चित्र अक्षरशः वाकतं. निकेल-क्रोम किंवा कोबाल्ट-क्रोमवरच्या कॅपा त्याखालोखाल. टायटॅनियमचा त्रास कमी, झिर्कोनिया, कंपोझिट आणि रूट कॅनालमध्ये भरतात त्या गट्टापर्चाचा जवळजवळ नाहीच. इथं तुमच्या हातात खूप आहे. एमआरआय लागणार असं वाटत असेल तर तो धातूची कॅप बसवण्याआधी करा, तोवर ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप चालते. तार काढता येत असेल तर त्या दिवसापुरती काढून पाठवा. चुंबकावर बसणारी कवळी असेल तर कृपया चिठ्ठीवर ठळक लिहा. आमच्याकडून आम्ही ग्रेडियंट एकोऐवजी धातूनं कमी बिघडणारा स्पिन एको सिक्वेन्स घेतो, बँडविड्थ (सिग्नल वाचायचा वेग) वाढवतो, स्लाइस पातळ ठेवतो, आणि चरबी दाबायला नेहमीच्या फॅट सॅटऐवजी धातूजवळही चालणारी स्टिर पद्धत वापरतो. (उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीत लेथवर, फौंड्रीत काम करणारा पेशंट असेल तर डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे तुम्हीही विचारून ठेवा. चुंबकानं तो कण हलू शकतो, म्हणून हा चित्राचा नाही, डोळ्याचा प्रश्न आहे.)

आता ३ टेस्ला. सिग्नल साधारण दुप्पट होतो, हे खरं. पण धातूनं होणारी विकृतीही दुप्पट होते. जबड्याच्या मज्जेत चरबी भरपूर, आणि चरबी व पाणी यांच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर १.५ टेस्लावर सुमारे २२० हर्ट्झ असतं ते ४४० होतं. या अंतरामुळं चित्रात चरबी थोडी बाजूला सरकते. ते सरकणं पूर्वीइतकंच ठेवायला बँडविड्थ दुप्पट करावी लागते आणि नॉइज वाढतो. दुपटीचा फायदा साधारण १.४ पटीवर येतो. सीमेन्स हेल्दिनीअर्स आणि डेंट्सप्लाय सिरोना यांनी खास दातांसाठी आणलेलं मशीन तर ०.५५ टेस्लाचंच आहे.

तरीही पुण्याला पाठवण्यासारखे पेशंट असतात. तोंडात धातू नाही, अक्कलदाढ नसेला चिकटलेली वाटतेय आणि काढायच्या आधी नसेचा मार्ग नीट हवाय, अशा वेळी ३ टेस्लाचा उपयोग होतो. फक्त अपॉइंटमेंट घेताना विचारा, जबड्यासाठी कोणती कॉईल लावता आणि नसेसाठीचा थ्रीडी सिक्वेन्स नेहमी चालवता का. दोन्हीचं उत्तर गोलमाल आलं, तर पेशंटचा प्रवास वाचवा आणि इथल्याच सेंटरला दाताचा नंबर, तोंडातला धातू आणि तुमचा नेमका प्रश्न लिहून पाठवा.