दारावर डेंट आणि ओरखडा, गॅरेजवाला साडेसात हजार सांगतोय. घरी करता येईल का?

तुमचं म्हणणं असं की पांदणीत बंडीला साइड देताना तिचं जू घासून मागच्या दारावर हातभर ओरखडा गेला, त्याच्या खाली तळहाताएवढा पत्रा दबला, गाडी ग्रे कलरची आहे, आणि साडेसात हजार द्यायचं जिवावर येतंय.

भाऊ, करता येते. पण सगळं नाही करता येत, आणि कोणतं काम आपलं नाही हे आधी नाही ठरवलं तर साडेसातचं काम दहावर जाते. मी काही गॅरेजवाला नाही, कारंजा-मूर्तिजापूरच्या मधल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. जुनी सिल्व्हर वॅगनआर आहे आणि तिच्यावर इतके प्रयोग झालेत की चारपैकी तीन दारं माझ्या हातची आहेत. लांबून छान दिसतात.

आधी ते दार शाम्पूच्या पाण्यानं स्वच्छ धुवा, मगच काय झालं ते पाहा. पुष्कळदा आपल्याला ओरखडा वाटते तो समोरच्याचाच रंग आपल्या गाडीला लागलेला असते. मग नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर मार फक्त क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला लागलाय, तिथं रबिंग कंपाउंड (घासायची पेस्ट) पुरते, सावलीत, वीतभर जागा घेऊन, हलक्या हातानं. हलक्या हातानं यासाठी की तो क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असते, केसापेक्षाही पातळ, जोर लावून घासत बसलं तर तोच निघून जाते. आणि फडकं मायक्रोफायबरचंच घ्या. आपल्याकडे कापसाला काय तोटा म्हणून मी घरचा कापूस घेतला होता, त्यात काडीकचरा निघाला आणि एका ओरखड्याच्या जागी बॉनेटभर जाळं झालं. टूथपेस्टचे व्हिडिओ पाहून तेही केलंय, बारीकसारीक डाग जातात, बाकी गाडीला पुदिन्याचा वास येते.

नख अडकलं पण पत्रा दिसत नसेल तर टच-अप पेंट. पत्रा चमकताना दिसत असेल तर मात्र आज-उद्या काहीतरी लावाच, पावसाळ्यात तर चार दिवसांत तिथं लाल दिसायला लागते.

आता डेंट. गरम पाणी ओतून डेंट निघते म्हणतात ते बंपरचं आहे, दाराचं नाही. बंपर प्लास्टिकचा, आतल्या बाजूला बहुतेक पीपी (प्लास्टिकचा प्रकार, पॉलिप्रॉपिलीन) लिहिलेलं असते, उकळतं पाणी टाकून आतून हात देऊन दाबला तर टुपकन बाहेर येते (हातमोजे घाला, माझं मनगट भाजलं होतं). दार लोखंडी पत्र्याचं, त्याला पाण्यानं काही होत नाही. दाराचा डेंट पसरट असेल, मधे घडी पडलेली नसेल, तर संडासाचा रबरी पंप ओला करून लावून ओढून पाहा, कधीकधी येते. पण बंडीचं जू घासलं म्हणता म्हणजे बहुतेक घडी पडली असेल. घडी ओढून निघत नाही. अशा वेळी दाराची आतली पॅनल काढून मागून हातोडी घालायचा मोह होते, तो टाळा. पत्रा ठोकला की ताणते, आणि ताणलेला पत्रा मग डबा दाबल्यासारखा टकटक आतबाहेर होत राहते. हे काम डेंटरचंच. एक करता येते, नुसतं डेंटिंग त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि पुढची लांबी न् रंग आपण करायचा. काही जण तयार होतात, काही तोंड वाकडं करतात.

लांबी, म्हणजे हार्डनरवाली पुट्टी. इथं माझी फजिती ऐका. मे महिना, दुपारचे बारा, ४५ डिग्री, आणि मी अंगणात बसून पुट्टी कालवतोय. हार्डनर जरा जास्तच टाकला की लवकर वाळंल म्हणून. दारापर्यंत हात नेईपर्यंत पुट्टीचा दगड झाला, तोही पत्र्याच्या पट्टीसकट. बाबा बाजेवर बसून पाहत होते, म्हणे, "चुना कालवाले तरी आला असता तुले?" हिशोब असा की १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅमच्या आसपास हार्डनर, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. उन्हाळ्यात एका वेळी अर्ध्या लिंबाएवढंच कालवा आणि काम सकाळी सातला करा. हार्डनर जास्त झाला तर अजून एक भानगड, महिनाभरानं वरच्या रंगातून पिवळट डाग उमटते.

लावायच्या आधी तेवढ्या भागाचा रंग ८० नंबरच्या सँडपेपरनं पत्र्यापर्यंत काढा आणि कडा उतरत्या करा, चमकत्या रंगावर लावलेली पुट्टी पापुद्र्यासारखी निघते. थर पातळ द्या, दोन-तीन वेळा द्या. घासताना पेपर लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे नाले पडतात आणि ते रंग मारल्यावरच दिसतात. त्याला एक युक्ती आहे, पुट्टीवर पेन्सिलनं आडव्यातिडव्या रेघा मारायच्या आणि घासायचं. जिथली रेघ जात नाही तिथं खड्डा. डोळे मिटून तळहात फिरवला तरी कळते, हात डोळ्यापेक्षा जास्त खरं सांगते. ८० नंतर १८०, मग प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), प्रायमरवर ४०० किंवा ६०० चा वॉटर पेपर. पुट्टी मात्र कोरडीच घासा आणि उघडी ठेवून झोपू नका, ती पाणी पिते आणि खालून पत्रा जंग धरते.

रंग. गाडीच्या दाराच्या चौकटीत नाहीतर बॉनेटखाली स्टिकर किंवा प्लेट असते, त्यावर कलर कोड असते, अकोला-अमरावतीत पेंटच्या दुकानात तो सांगितला की रंग मिसळून देतात. पण पांढऱ्या गाडीचं ठीक आहे, तुमचा ग्रे आणि माझा सिल्व्हर हे मेटॅलिक, त्यात ॲल्युमिनियमचा चुरा असते आणि तो कसा बसला त्यावर शेड बदलते. जवळून मारला तर गडद, लांबून मारला तर फिक्का. माझं पहिलं दार समोरून एकदम बरोबर होतं, बाजूनं पाहिलं तर ठिगळ. स्प्रेची डबी असेल तर २०-२५ सेंटिमीटरवरून, पातळ हात, दोन हातांत १०-१५ मिनिटं जाऊ द्या. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, उन्हात दाराशेजारी धरून पाहा. अंगणात सडा टाका म्हणजे धूळ उडणार नाही, आणि पावसाळी हवेत मारू नका, रंग पांढुरका पडते.

शेवटचा क्लिअर मारायचा तर डबीतला साधा मारा. गॅरेजमधला हार्डनरवाला टू-के क्लिअर घरी नको, त्यातलं आयसोसायनेट छातीसाठी वाईट, तोंडाला दुपट्टा बांधून ते थांबत नाही.

इन्शुरन्समधून करू का असंही विचारलंत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले १००० आपलेच जातात, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) गेला. पाच वर्षांचा ५० टक्क्यांवाला बोनस असेल तर साडेसात हजारासाठी हात लावू नका, आधी ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीपुरता, प्रीमियम पाहून गणित करा.

मी तुमच्या जागी असतो तर ओरखडा घरी, घडी डेंटरकडे. आणि दार उघडलंच आहे तर त्याची खालची कड पाहा. तिथं पाणी निघायची बारीक छिद्रं असतात, पांदणीतली काळी माती जाऊन ती बुजतात आणि पाणी आत साचून दार आतून सडते. काडीनं मोकळी करा, रंग मारताना त्यात पुट्टी जाऊ देऊ नका. डिक्कीत पोटॅश खताची पोती नेत असाल तर कार्पेटखालीही पाहून घ्या, माझा तिथला पत्रा त्यानं बोट जाईल एवढा खाल्ला होता.