छतावर नारळ पडला, आता काच कुठून आणू?

(गाडीच्या काचा, बीडिंग म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी, आणि गळतीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना पुण्याच्या नाना पेठेत काचकामाचं दुकान चालवणाऱ्या आमच्या ताईंची उत्तरं.)

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या सासऱ्यांची २००७ सालची मर्सिडीज ई २०० आहे, पेट्रोल, काळी. ते गेल्यावर गाडी आमच्याकडे गुहागरला आली. गेल्या आठवड्यात वाडीत उभी असताना वरून नारळ पडला आणि सनरूफची काच फुटली. सगळा चुरा आत. कंपनीच्या सेंटरला फोन केला तर म्हणाले, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. चिपळूणचा एक काचवाला मापाने काच कापून देतो म्हणतो. शेजारी म्हणतात, पत्रा मारून टाका. मिस्टरांचं म्हणणं, विकूनच टाकू. मला गाडी ठेवायची आहे आणि पाऊस तोंडावर आलाय. काय करू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : मिस्टरांना सांगा, विकायची असली तरी काच आधी बसवावी लागेल. छताला भोक असलेली मर्सिडीज घ्यायला येणारा माणूस भाव पाडायलाच येतो. तेव्हा ठेवायची की विकायची हा वाद पावसाळ्यानंतर घाला.

आज काय करायचं नाही, ते आधी. सनरूफचं बटण दाबू नका, ‘चालतंय का बघू’ म्हणूनसुद्धा नाही. काच फुटली तरी तिची चौकट अजून दोन्ही बाजूंच्या चॅनलवर, म्हणजे ती सरकते त्या रुळांवर, बसलेली आहे, आणि त्या चॅनलमधल्या ग्रीसला काचेचे कण चिकटलेत. मोटर फिरली की दातेरी केबल ते कण ओढत नेते आणि चॅनल खरवडून निघतं. घरातलं पोर हमखास बटण दाबतं, म्हणून सनरूफचा फ्यूज काढूनच ठेवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काचेखाली तुमच्या गाडीत कापड लावलेली एक सरकती फळी आहे, ऊन अडवायची. ती आत्ता जिथे असेल तिथेच राहू द्या. मागे ढकललीत की तिच्यावरचा चुरा छताचा पत्रा आणि आतलं अस्तर यांच्या मधल्या पोकळीत जाऊन बसतो. तिथून तो काढायचा म्हणजे अख्खं अस्तर उतरवायचं, आणि इतक्या जुन्या गाडीचं अस्तर एकदा उतरवलं की पहिल्यासारखं चढेलच असं नाही. आमच्याकडे अशा गाड्या येतात, त्यातल्या निम्म्या कामाचं मूळ तो एक धक्का असतो. फळी आहे तिथे ठेवून व्हॅक्यूमचं अरुंद तोंड लावा आणि वरून, काचेच्या भोकातून साफ करा. हातात जाड मोजे, पायात चप्पल नको, बूट. सीटच्या फटी, सीटखालच्या पट्ट्या आणि सीटबेल्टचं बक्कल विसरू नका. बक्कलमध्ये एक दाणा अडकला तर बेल्ट लागल्यासारखा वाटतो, पण लागलेला नसतो.

मात्र हे सगळं करण्याआधी फोटो काढा. नारळ, गाडी, नंबर प्लेट, आतला चुरा, सगळ्याचे. पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर विषय संपला, एक पैसा मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर झाडावरून पडलेला नारळ हा अपघातच, आणि सर्व्हेअर येईपर्यंत फुटकी चौकट उतरवू नका. काचेवर घसारा कापत नाहीत, गाडी कितीही जुनी असो. बीडिंग मात्र रबरात धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. तुमचं इंजिन १५०० सीसीच्या वरचं, म्हणजे सक्तीचे २००० रुपये तुमच्याकडून जातात. यात मेख नो क्लेम बोनसची आहे, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची. बरीच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, आणि एका क्लेमने शून्यावर येतो. एजंटकडून पुढच्या वर्षीचे दोन्ही आकडे मागा, क्लेम घेतल्यावरचा आणि न घेतल्यावरचा. जुनी काच वापरायची ठरली तर पुष्कळदा क्लेम न घेणंच परवडतं.

आता चिपळूणचे काचवाले. माणूस वाईट नसेल, पण काम चुकीचं सांगतोय. सनरूफची काच टफन्ड असते. काच कापून, भोकं पाडून, वळण देऊन झालं की मग तिला सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि थंड हवेचे झोत मारून झटक्यात गार करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि पोट ताणाखाली. म्हणून ती चिवट असते, आणि म्हणूनच फुटली की तिचे धारदार सुळे न होता बोथट दाणे होतात. तयार टफन्ड काचेला कटर लावला की ती हातातच दाणे होऊन जाते. तेव्हा ‘मापाने कापून’ मिळेल ती साधी काच, डोक्यावर बसवायला अगदी अयोग्य. शिवाय तुमच्या छताला दोन्ही दिशांनी हलका फुगवटा आहे. सपाट काच त्या भोकात चारी कोपऱ्यांनी टेकणारच नाही. ॲक्रिलिकचंही तेच. उन्हात ते फुगतं, वर्षभरात ओरखड्यांनी आंधळं होतं.

पत्रा मारण्याला मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही. गाडी नुसती बाजारहाटाला वापरायची असेल आणि डेंटर चांगला असेल तर जुन्या चौकटीत पत्र्याचं पॅनेल बसवून ते कायमचं बंद ठेवता येतं. पण छताला वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगच्या आचेने आतला गंजरोधक थर जातो, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत त्या कडेने गंज धरतो. एकदा वेल्ड केलं की परतीची वाट नाही. तुमची गाडी ठेवायची इच्छा आहे, म्हणून तुमच्यासाठी हा सल्ला नाही.

तुम्हाला हवं आहे ते अख्खं पॅनेल, म्हणजे चौकटीसकट काच. यात काच चौकटीला कारखान्यातच चिकटवलेली असते. नुसती काच चिकटवून देणारे भेटतात, पण ती एक-दोन मिलिमीटरने वाकडी बसली की पुढचं सगळं सेटिंग फसतं. पॅनेल मागवताना ‘ई-क्लासची सनरूफ’ एवढंच सांगू नका. आरसी बुकावरून सतरा अक्षरी चासी नंबर द्या. तुमच्या गाडीची पिढी डब्ल्यू २११. या पिढीत दोन प्रकारची छतं येत होती. साधी सरकती काच, तिचा कोड ४१४, आणि मोठी पॅनोरामा, तिचा कोड ४१३. दोघांची काच एकमेकांना बसत नाही. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोवरून तुमची ४१४ दिसते, तरी पार्ट काउंटरवर चासी नंबर टाकून खात्री करून घ्या. तो नंबर टाकला की पार्ट नंबर तिथल्या तिथे निघतो. तो लिहून आणा. शोध त्याच्यावरच करायचा.

कंपनीचं सेंटर किती दिवस ते सांगत नसेल तर तोवर वापरलेलं पॅनेल शोधा. तुमची गाडी इथेच, पिंपरीला जोडलेली. चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याआधी मर्सिडीज टाटांच्या पिंपरीच्या आवारात तयार व्हायच्या. त्यामुळे पुण्या-मुंबईत या गाड्या पुष्कळ विकल्या गेल्या आणि आता कटाईलाही पुष्कळ येतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी करा, किंवा ओळखीच्या स्पेअर्सवाल्याला करायला लावा. बिल आणि कुठल्या गाडीचा माल ते विचारायला लाजू नका. जो बिल देत नाही त्याचा माल कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

वापरलेलं पॅनेल बघताना लोक काचेच्या मधोमध ओरखडे शोधत बसतात. ते सोडा. कडा बघा. टफन्ड काचेचा जीव कडेत असतो. काचेची कड दिसेल तिथे नख फिरवा. कुठेही बारीक टवका लागला तर पॅनेल परत द्या, मग वरून ती आरशासारखी का असेना. काचेच्या कडेची काळी पट्टी आणि चौकट यांच्यामधला गोंद सुटलाय का, ते चौकट हलकेच पिळून बघा. कोपऱ्यातला छाप वाचा. गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा असेल तर युरोपातल्या मानकाची काच. छापच नसेल तर कोणी तरी घरगुती भट्टीत घडवलेली समजा. पार्सलने येणार असेल तर आडवी ठेवून पाठवू नका म्हणावं. काच प्रवासाला उभी जाते.

पॅनेल हातात येईपर्यंत गाडी हलवू नका. भोकावर जाड प्लास्टिक, त्याखाली रंगाऱ्याची मास्किंग टेप, तिच्यावर पक्की टेप. पक्की टेप थेट रंगावर उन्हात राहिली तर काढताना वरचा थर घेऊन येते. प्लास्टिक लावून कुंभार्ली घाट चढायचा विचारही नको, वाऱ्याने ते फाटतंच. काच बसवणारा कारागीर चिपळूण-रत्नागिरीत मिळत नसेल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर, गाडी पाठवा.

बसवणाऱ्याला काय विचारायचं, ते सांगते. पॅनेल बदलणं दोन-तीन तासांचं काम आहे. ‘तासाभरात देतो’ म्हणणारा चॅनल धुणार नाही, हे नक्की. जुनं ग्रीस पूर्ण पुसून, कण काढून, सनरूफसाठीचंच ग्रीस लावायचं. चाकांना लावतात ते ग्रीस उन्हाने घट्ट होतं आणि धूळ धरतं. चौकटीचे स्क्रू चांदणीच्या खाचेचे असतात, टॉर्क्स. ॲलन की घुसवली की त्यांची डोकी गोल होतात. मग चारी कोपऱ्यांतल्या पाणी जाण्याच्या नळ्या. त्यात काचेचे दाणे गेलेलेच असणार. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी आतल्या आत सुटते आणि पुढचा पाऊस थेट खांबातून तुमच्या पायाशी येतो. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी सावकाश सारली की काम होतं. नंतर तुमच्यासमोर प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी ओतायला लावा. पुढचं पाणी पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ पडलं पाहिजे, मागचं मागच्या बंपरच्या आसपास. मागची नळी तुंबली तर पाणी डिकीत उतरतं, आणि तुमच्या गाडीची बॅटरी डिकीतच आहे.

शेवटी सेटिंग. काचेची पुढची कड छताला समतल किंवा फार तर एक मिलिमीटर खाली. मागची कड समतल किंवा फार तर एक मिलिमीटर वर. उलटं झालं की ऐंशीच्या वेगाला शिट्टी सुरू होते. पुढून मागे नख फिरवा. काचेच्या पुढच्या कडेला ते अडलं तर पॅनेल उंच बसलंय. मग बीडिंगमध्ये दहाची नोट अडकवून काच बंद करा आणि नोट ओढा. चारी बाजूंना सारखीच ओढ लागायला हवी. एखाद्या ठिकाणी नोट अलगद निघून आली तर तिथे स्क्रू परत सैल करून सेटिंग करायला लावा, पैसे त्यानंतर द्या. सगळं झाल्यावर चावी चालू करून बटणाने काच मागून पूर्ण उचला आणि बटण आणखी सेकंदभर दाबून धरा. मोटरला तिच्या हद्दी पुन्हा कळतात. हे राहिलं तर काच अर्ध्यातच थांबते आणि कोणीतरी तुम्हाला नवी मोटर विकतो.

आणि गाडी उभी करायची जागा बदला. शहाळं असो की झावळ, माड नवी काच बघून पडत नाही.

प्रश्न : माझी २०११ ची गाडी दुपारी सोसायटीत उभी होती. कोणी हात लावला नाही आणि सनरूफ बंदुकीसारखी फुटली. सिक्युरिटीवाला म्हणतो उन्हाने फुटली. असं होतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होतं, पण एकट्या उन्हाने नाही. हायवेला ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याचा कडेला बारीक टवका पडलेला असतो, तो महिनोन्‌महिने गप्प राहतो आणि एका तापलेल्या दुपारी काच जीव सोडते. कधी मागच्या कामात स्क्रू वाकडे आवळून चौकट पिळलेली असते. क्वचित काचेतच कारखान्यापासून निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण असतो, तो हळूहळू फुगतो. नवीन पॅनेल बसवण्याआधी चौकट पिळलीय का तेवढं तपासून घ्या, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या ऑडीची सनरूफ पावसात ठिबकते. मेकॅनिक म्हणाला, चारी बाजूंनी सिलिकॉन भरून टाकू. भरू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. सनरूफची बीडिंग पूर्ण पाणीबंद नसतेच. थोडं पाणी आत येणार, खालच्या पन्हाळीत पडणार आणि नळ्यांतून बाहेर जाणार, अशीच ती रचना आहे. ठिबकतंय म्हणजे नळी तुंबलीय. पन्हाळीत आंब्याचा मोहोर आणि पानं साचलेली दिसतील. ती काढा, नायलॉनची दोरी सारा. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि पत्र्याला गंज लावतं. मेकॅनिकने आधीच भरलं असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. ब्लेड लावू नका, बीडिंग कापली जाते आणि जुन्या ऑडीची बीडिंग शोधणं हे पुढचं पत्र होईल.