राजधानीत हिरोला कुणी ओळखत नाही, हेच बरं

प्रश्न थोडक्यात असा: मित्रांसाठी टेबलटॉप फँटसी मोहीम, म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत खेळायच्या काल्पनिक साहसाची गोष्ट, लिहिताय, टेकडीवर राजधानी काढलीय, तटबंदी आहे, राजवाडा, मोठं देऊळ, तीनशे घरं, दोन खानावळी, एक लोहार. तरी खेळाडू म्हणतात, "हे तर मोठं गाव वाटतंय." मग वस्ती शहर वाटायला काय लागतं?

तीनशेची तीन हजार घरं केलीत तरी ते हेच म्हणतील. 'डॅगरफॉल' या व्हिडिओ गेममध्ये (१९९६) कॉम्प्युटरनं रचलेली हजारो ठिकाणं होती. कितीही फिरा, एक वस्ती दुसरीपासून वेगळी आठवत नाही. उलट 'स्कायरिम'मधलं (२०११) व्हाइटरन म्हणजे मोजून काही डझन घरं, तरी त्याला खेडं म्हणवत नाही. घरांचा आकडा हा मुद्दाच नाही.

माझ्या मते फरक असा आहे: गावात नवा माणूस आला की तो दिवसभराची बातमी होतो, शहरात तो कुणाच्या खिजगणतीतही नसतो. मी लातूरकडचा. आमच्याकडं कुठल्याही खेड्यात एसटीतून उतरा, पारावरचं म्हातारं माणूस विचारणारच, "कुणाकडं आलाव पाव्हणं?" नाव सांगितलंत की पाच मिनिटांत तुमच्या मामाच्या सोयरिकीपर्यंत गाडी जाते. लातूरच्या गंजगोलाईत उभं राहा. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. सराफ एकीकडं, चपला दुसरीकडं, गूळ-मिरची आणखी कुठं. तिथं तुम्ही तासभर उभे राहिलात तरी कुणी विचारणार नाही. फार तर मागून हमाल ओरडेल, "ओ, बाजूला सरका."

गेममध्ये नेमकं उलटं होतं. डोक्यावर उद्गारचिन्ह (म्हणजे 'माझ्याकडं काम आहे') घेऊन माणसं चौकात ताटकळत उभी असतात, कधी एकदा हिरो येतो आणि हरवलेली अंगठी शोधून देतो म्हणून. लोहाराला दुसरं गिऱ्हाईक नाही, खानावळवाल्याला बातम्या सांगण्यापलीकडं धंदा नाही. अशा ठिकाणी मनोरे कितीही उंच करा, सगळं गाव पाहुण्याभोवती जमलंय हे कळतंच. 'विचर ३'मधलं (२०१५) नोव्हिग्राड मला शहर वाटतं, कारण तिथली बहुतेक माणसं हिरोशी, गेराल्टशी, धड बोलतही नाहीत. आपापल्या वाटेनं जातात, जाता जाता पुटपुटतात.

आता हे कागदावर कसं आणायचं?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलटॉप खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्त्यांचं कोष्टक होतं: ५,००० च्या पुढं छोटं शहर, २५,००० च्या पुढं थेट महानगर. त्या हिशेबानं आमचं औसा आणि पैठण ही तालुक्याची गावं दोन्ही महानगरं. औशात हे वाचून दाखवलं तर लोक चहा पाजतील. आपल्या जनगणनेची व्याख्या मला जास्त कामाची वाटते. नगरपालिका नसलेल्या वस्तीला नागरी म्हणायचं तर २०११ च्या जनगणनेनुसार तीन अटी: किमान ५,००० लोक, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० ची दाटी, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेती सोडून दुसऱ्या कामात. तुम्ही फक्त ही तिसरी अट घ्या. तुमच्या राजधानीतले चारातले तीन जण नांगर धरत नाहीत. मग ते करतात काय, आणि खातात कुणाचं?

पहिल्याचं उत्तर शोधायला मोंढ्यात जा. मराठवाड्यात धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात. लातूर, जालना, परभणी, नांदेड, सगळीकडं आहे. सोयाबीनच्या हंगामात सकाळी शेतकरी माल घेऊन येतो. पण माल विकण्याच्या एका कामात किती माणसं गुंतलेली असतात बघा: ज्याच्या दुकानापुढं ढीग पडतो तो अडत्या, पोती उतरवणारा हमाल, हमालांचा मुकादम, वजन करणारा मापाडी, पट्टी लिहिणारा मुनीम, खाली सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बाया, बारदाना विकणारा, चहावाला. खरेदीदार एका ढिगाशी थांबतो, मूठभर सोयाबीन तळहातावर पसरतो, डागी दाणे अंगठ्यानं बाजूला सारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. ओल किती हे त्याला त्यात कळतं. मग भाव बोलतो आणि पुढच्या ढिगाकडं वळतो. ज्याचं वर्षभराचं पीक आहे तो शेतकरी शेजारीच उभा असतो, त्याच्याकडं मान वर करून बघायलाही कुणाला सवड नसते.

शहराचा सगळा रंग मला त्या एका दृश्यात दिसतो. म्हणून "एक लोहार" लिहू नका. गावात एक लोहार असतो आणि तो फाळापासून अडकित्त्यापर्यंत सगळं करतो. शहरात नाल ठोकणारा वेगळा, कुलपं करणारा वेगळा, तलवारीला मूठ बसवणारा वेगळा, आणि या तिघांना लोखंड उधार देणारा सावकार चौथा. खेळाडूनं पहिल्याला तलवार मागितली तर त्यानं काम न थांबवता म्हणावं, "इथं नाही, पुढच्या गल्लीत." एवढ्या एका वाक्यानं जे होतं ते अर्धा तास वर्णन करून होत नाही.

दुसरा प्रश्न, खातात कुणाचं. इथं जरा हिशेब करू. माणशी रोजचं अर्धा किलो धान्य धरा. १०,००० वस्तीला ५० क्विंटल. बैलगाडीत दहा क्विंटल धरले तर पाच गाड्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सरपण माणशी एक किलो धरलं तरी दहा गाड्या, आणि जवळचं रान तुटत जातं तसतशा त्या लांबून यायला लागतात. त्यात बैलांना, घोड्यांना कडबा. कडबा वजनाला हलका पण जागा फार खातो, दरवाजाच्या कमानीत गाडी अडकवायला एक भरलेली कडब्याची गाडी पुरे. वर भाजी, दूध, मडकी, मीठ. म्हणजे पहाटे दरवाजा उघडायच्या आधीच बाहेर रांग लागलेली असणार. त्या रांगेत तुमच्या खेळाडूंना उभं करा. पुढचा गाडीवान जकातीवरून शिपायाशी हुज्जत घालतोय आणि मागचा बैल यांच्या पाठीवर फुसफुसतोय. राजवाडा अजून दिसलाही नाही आणि शहर सुरू झालं.

पाण्याचं तर कुणी दाखवतच नाही. प्रत्येक गेममध्ये शहराखाली गटार असतं, कारण उंदीर मारायला जागा लागते. पण पाणी आत येतं कुठून? मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि हा प्रश्नही सोडवला. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, गावातल्या हौदांपर्यंत आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीलाही लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून यायचं आणि त्यावर पिठाचं जातं फिरायचं. आता विचार करा, नहर साफ करणारे कोण, तिची झाकणं कुणाच्या ताब्यात, कुठल्या सरदारानं गुपचूप फाटा काढून आपल्या बागेत वळवलाय. एका हौदावरून अख्खी मोहीम उभी राहते, ड्रॅगन लागत नाही.

आणि पाणी आटलं तर शहराचं काय होतं हे आम्हा लातूरकरांना कुणी शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. गाव असतं तर लोकांनी विहीर खोल केली असती किंवा गुरं घेऊन दुसरीकडं गेले असते. शहराला ते जमत नाही, त्याला पाणी कुठून तरी आणावंच लागतं, आणि जो आणतो त्याच्या हातात शहराची नाडी असते.

तुमची राजधानी टेकडीवर आहे म्हणून मुद्दाम सांगतो: देवगिरीच्या कड्यावर किल्ला होता, वस्ती खाली, तटांच्या आत. वर राजा ठेवा, बाजार खाली आणा. वर-खाली चढण्यातच कोण कुणापेक्षा मोठा हे खेळाडूंना पायानं कळेल.

तटबंदीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळेच काढतात. तटापेक्षा तटाबाहेर कोण राहिलंय ते बघा. व्हाइटरनच्या दाराबाहेर खजीत (मांजरासारखी दिसणारी जमात) व्यापाऱ्यांचे तंबू असतात, त्यांना आत घेत नाहीत. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) शहराच्या आधी रिव्हिंग्टन लागतं, तिथं निर्वासित अडकून पडलेत आणि पुढं जायला परवाना हवा. आत जायला लोक धडपडतायत हे दिसलं की आत काहीतरी आहे हे सांगावं लागत नाही.

मोहल्ले काढताना "श्रीमंत भाग, गरीब भाग, बंदर" अशी वाटणी करून मोकळे होऊ नका. संभाजीनगरातले 'पुरा' नावाचे जुने मोहल्ले बघा: करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावाचा, जयसिंगपुरा जयसिंहाचा, असे राजपूत सरदार मुघल फौजेबरोबर इथं आले आणि त्यांच्या छावण्यांच्या जागी वस्त्या रुजल्या. फौज गेली, पुरा राहिला, आणि करणपुऱ्याच्या देवीच्या नवरात्रातल्या जत्रेला आजही सगळं शहर लोटतं. तुमच्या प्रत्येक मोहल्ल्याला असं एखादं जुनं कारण द्या. आज तिथल्या लोकांना ते आठवत नसलं तरी चालेल.

एक गंमत आणखी करता येईल. राजधानीपासून दिवसाच्या वाटेवर एक मेलेलं शहर ठेवा. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, हुकमानं माणसं आली, काही वर्षांत दरबार परत दिल्लीला गेला. आज तिथं दरवाजे आहेत, तोफा आहेत, चांदमिनार आहे, आणि शेजारी एक गाव. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक लेखनात तगर म्हणून त्याचं नाव येतं. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. आता ते गोरोबाकाकांचं गाव. खेळाडूंना तिथं एक रात्र मुक्काम करायला लावा. पडक्या पेठेत गुरं बांधलेली, आणि तिथला म्हातारा विचारतोय, "कुणाकडं आलाव?" दुसऱ्या दिवशी राजधानीत पोचल्यावर फरक त्यांना आपोआप जाणवेल.

खेळवताना एक काळजी घ्या. हिरोंना कुणी विचारत नाही हे पहिल्या सत्रात मजेचं वाटतं, तिसऱ्या सत्रात खेळाडू मोबाइल काढतात. म्हणून ओळख हळूहळू द्या, तीही एकाच मोहल्ल्यात: एक चहावाला, एक मुनीम, एक देणेकरी. बाकी शहर अनोळखीच राहू द्या. आणि ते गुहेतून परत येतील तेव्हा त्यांच्यावाचून काहीतरी घडलेलं असू द्या. तेलाचा भाव चढलाय, मुनीम पळून गेलाय, त्यांच्या खोलीत दुसरंच कुणी राहतंय.

घरं तीनशेच ठेवा, नकाशावर दिसतात तेवढी पुरे. फक्त लोहार वाढवा, एक हौद काढा, आणि दोन खानावळींपैकी एक दरवाजाबाहेर न्या. दरवाजा बंद झाल्यावर पोचलेले गाडीवान कुठंतरी झोपणारच.