ड्राफ्टमध्ये उशिरा घेतलेल्या तरुण खेळाडूसाठी टीमने किती थांबावं?

तुम्ही विचारलंय की एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दोन फेऱ्यांत आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, 28व्या क्रमांकावर घेतलेला तुमच्या टीमचा वीस वर्षांचा पोरगा वर्षभर बेंचवरच आहे, तर त्याला ठेवावं की ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या क्लबला देऊन, मोकळं व्हावं. माझ्या मते किती वर्षं थांबायचं हा प्रश्न नंतरचा. तोवर तो खेळतोय कुठे, हे आधी बघा. बेंचवर बसून नुसता टॉवेल हलवून कुणाचा खेळ सुधारत नाही.

टोरॉंटोकडे बघा, तिथे दोन्ही अनुभव आहेत. 2014 मध्ये तिथल्या रॅप्टर्स क्लबने 20व्या क्रमांकावर ब्रुनो कबोक्लो हा 18 वर्षांचा ब्राझिलियन मुलगा घेतला. त्याच रात्री टीव्हीवरच्या तज्ज्ञाने सांगून टाकलं होतं की हा दोन वर्षांत तयार होईल असं म्हणायलाच अजून दोन वर्षं जावी लागतील. क्लबची थांबायची तयारी होती हो, पण पोराला खेळवायचं कुठे? डी-लीगमध्ये (एनबीएच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीगमध्ये; आताची जी-लीग) स्वतःची टीम नव्हती. फोर्ट वेनची एकच टीम डझनभर क्लबांमध्ये मिळून. तिथे पाठवलं तर तिथेही मिनिटं मिळेनात. 2018 मध्ये त्याला ट्रेड केलं.

दरम्यान 2015 मध्ये क्लबने शेजारच्या मिसिसागात रॅप्टर्स 905 ही आपली हक्काची टीम काढली होती. 2016 मध्ये 27व्या क्रमांकावर आलेला पास्कल सियाकम तिथे घडला. खरं तर पहिल्याच मोसमात, एक उंचापुरा खेळाडू जखमी झाल्यामुळे, तो 38 सामन्यांत सुरुवातीच्या पाचात होता. मग जागा गेली आणि त्याला 905 कडे धाडलं. त्याने मान खाली घालून बसण्याऐवजी 2017 ची डी-लीग जिंकून दिली आणि फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. तरी दुसऱ्या मोसमात त्याचे थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) जेमतेम 22 टक्के पडायचे. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ म्हणणाऱ्यांनी फाइल तिथेच बंद केली असती. टोरॉंटोने त्याला व्हॅनव्लीट, पोल्टल यांच्यासोबत सेकंड युनिटमध्ये (बदली खेळाडूंच्या पाचात) रोज खेळवलं. पुढच्या मोसमात तेच थ्री 37 टक्क्यांच्या घरात गेले, ‘मोस्ट इम्प्रूव्ह्ड’चा, म्हणजे सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा, मान मिळाला, आणि 2019 च्या फायनल्सच्या पहिल्या सामन्यात 17 पैकी 14 शॉट आत घालून त्याने 32 गुण केले.

रूडी गोबेअरही 27वाच, 2013 चा. पहिल्या मोसमात सामन्यामागे दहा मिनिटंही नाहीत. त्याच्या युटा क्लबने 2015 मध्ये त्याच जागेवर खेळणाऱ्या एनेस कॅन्टरला ट्रेड करून त्याची वाट मोकळी केली. थांबणं म्हणजे कधीकधी दुसऱ्याला हलवणंही असतं.

दुसऱ्या फेरीतल्यांना मात्र एवढी सवड क्वचितच मिळते, कारण त्यांना पहिल्या फेरीसारखा हमीचा करार मिळेलच असं नाही. आपला सतनाम सिंग 2015 मध्ये 52वा निवडला गेला, डी-लीगमधल्या टेक्सस लेजेंड्सकडून खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

तुमचा पोरगा पहिल्या फेरीतला, म्हणजे दोन वर्षं पक्की. तिसऱ्या वर्षाचा पर्याय क्लबला पहिल्या मोसमानंतरच्या 31 ऑक्टोबरपर्यंत उचलावा लागतो. तोवर एनबीएचे बॉक्स स्कोअर (सामन्यांचे आकडे) सोडा आणि जी-लीगमधली त्याची मिनिटं मोजा. तिथे तीस-बत्तीस मिनिटं खेळत असेल आणि शॉट चुकले तरी पुढचा मारायला कचरत नसेल, तर मी तरी त्याला एवढ्यात ट्रेड करणार नाही. तिथेही बेंचवरच असेल तर चूक पोराची नाही, क्लबची आहे.