नवी लँड क्रूझर: ‘छोटी झाली’ म्हणण्याआधी

टोयोटाच्या नव्या लँड क्रूझरबद्दल ‘व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) गेलं, गाडी छोटी झाली’ ही अमेरिकेतल्या जुन्या मंडळींची कुरकुर ऐकून बुकिंग रद्द करू नका. तिकडच्या २०२४च्या नव्या २५० मालिकेचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आधीच्या २०० मालिकेइतकाच, २८५० मिमी आहे. ताकद ३८१ वरून ३२६ हॉर्सपॉवरवर आली हे खरं, पण टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) ५४४ चा ६३० न्यूटन-मीटर झालाय, आणि दगडांत कामाला येतो तो टॉर्कच. तक्रार करायचीच तर डिकीची करा: हायब्रिड बॅटरीमुळे तळ उंच झालाय, तिसरी रांगही नाही. आपलं सामान चढवून बघा, मगच पैसे भरा.

मागचा लॉकर (मागची दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरवणारी यंत्रणा) चाक जागच्या जागी गरगरायला लागल्यावर नव्हे, चढाच्या आधी, गाडी थांबवून लावा. कोरड्या डांबरावर तो लावलात तर वळताना आतलं-बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरू शकत नाही. टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो.

वाळूत टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा. कंप्रेसर मात्र सोबत हवाच, कारण कमी हवेवर हायवेला वेग घेतला की टायर तापून फाटतो.

पुढचा स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) सोडवायचं बटण ‘१९५८’ नावाच्या खालच्या व्हेरिएंटला नाही. खाचखळग्यांत चाकं जमिनीला टेकून राहायला हवी असतील तर वरचं व्हेरिएंट घ्या.